मदत सहाव्या महिन्यातही लागते

२०१७ साली गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती आणि त्याच रात्री हार्वे वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टजवळ धडकलं. पुढचे काही दिवस ह्यूस्टनवर पाऊस कोसळत राहिला. ॲडिक्स आणि बार्कर जलाशयांतून पाणी सोडावं लागलं आणि पावसातून वाचलेली कित्येक घरं त्या पाण्यात गेली.

अशा वेळी आपली माणसं धावून जातात. डबे येतात, गाद्या येतात, भिजलेल्या भिंती तोडायला पोरं हातोडे घेऊन हजर होतात. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून ही घाई रास्तच. पण आपला उत्साह ओसरतो तेव्हाच त्या कुटुंबाची खरी परवड सुरू होते.

घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरलेलं नसतं. पूरविमा वेगळा घ्यावा लागतो. हार्वेत बुडालेल्या बहुतेक घरांना तो नव्हता. मग उरते ‘फेमा’ या अमेरिकी सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेची मदत, पण तिच्यात अख्खं घर पुन्हा उभं राहत नाही. एच-१बी व्हिसावरच्या माणसाला तर ही रोख मदत स्वतःच्या नावावर मिळतच नाही. मात्र घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल, तर त्याच्या वतीने आईवडील अर्ज करू शकतात. एवढं वेळेवर सांगणारा माणूस शंभर डब्यांहून मोलाचा.

कोणी म्हणेल, आपलं मराठी मंडळ सांस्कृतिक आहे, हे काम सरकारचं आणि विमा कंपनीचं. खरंय. पण अर्ज नामंजूर झाल्यावर अपील लिहायला सरकार शेजारी बसत नाही. घरकर्जाचा हप्ता आणि भाडं दोन्ही भरणाऱ्याला कंत्राटदाराचं अंदाजपत्रक कोण तपासून देणार? आणि ज्या भावाकडे चौघं राहायला गेली, त्याच्या घरालाही महिन्या-दोन महिन्यांनी उसंत हवी असते. मुलांना शनिवार-रविवार आपल्याकडे नेणं हीसुद्धा मदतच.

म्हणून मंडळाने प्रत्येक बाधित कुटुंबाच्या मदतीला दुसरं एक कुटुंब सहा महिन्यांसाठी नेमून द्यावं. जमलेली वर्गणीही पहिल्याच आठवड्यात वाटून न टाकता निम्मी मागे ठेवावी.

तयारी मात्र आधी हवी. नवा पूरविमा साधारण ३० दिवसांनी लागू होतो आणि वादळांचा मोसम १ जूनला सुरू होतो. तेव्हा गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या कुपनांशेजारी आणखी एक टेबल मांडा: तिथे विम्याची माहिती मिळेल आणि मदतीला तयार असणाऱ्यांची नावंही लिहून घेतली जातील.