दोन गोळ्यांनी भागेना, म्हणून तीन?



परवा गच्चीवर गहू वाळत घालताना शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आक्का, पूर्वी पिंपात एक गोळी टाकली की वर्ष निघायचं. आता दोन टाकल्या तरी पावसाळ्यात टोके होतातच. यंदा तीन टाकते." ते पिंप असते कुठे? नातवंडे सुट्टीत झोपतात त्या खोलीत.

ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाईडची. हवेतल्या ओलाव्याने ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. तो किड्याला मारतो तसा माणसालाही मारतो, आणि त्याच्यावर उतारा नाही. म्हणूनच ही गोळी घरगुती वापरासाठी विकायला परवानगी नाही. तरी ती पुडीत बांधून मिळते आणि आपण आणतो.

बरे, एवढे करून कीड जाते का? नाही. पिंपाच्या झाकणातून वायू निसटतो. हिंडणारे किडे मरतात, पण अंडी आणि कोष चिवट असतात. त्यांच्यासाठी वायू कित्येक दिवस कोंडून राहावा लागतो. अर्धवट विषातून जे जगतात, त्यांत विष सोसणारेच जास्त असतात आणि पुढची पिढी त्यांची होते. मी बी.कॉम. झालेली बाई, मला यात चक्रवाढ व्याज दिसते. दरवर्षी दुबळे मारायचे आणि चिवटांचे मुद्दल वाढवायचे!

हे काही आजचे नाही. जागतिक अन्न व शेती संघटनेने १९७२-७३ मध्ये देशोदेशीचे किडे तपासले, तेव्हाच दहातल्या साधारण एका नमुन्यात फॉस्फीनला दाद न देणारे किडे निघाले. मॅलॅथिऑनची गत तर त्याहून वाईट होती. आज आपल्या देशातल्या गोदामांतही पिठातला तांबडा भुंगेरा या वायूला पुरून उरतो. तिथे जाणकार माणसे ताडपत्रीखाली वायू कोंडतात, तरी ही कथा. मग आपल्या पिंपाचे काय सांगावे?

आता थोडे कडू बोलते. आपण पाणी गाळून पितो. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस अशी पाळतो. आणि ज्या गव्हाचे ते पीठ, त्यात मारायचे ठरवून विष ठेवतो! चुलीपाशी नकळत घडते ती आरंभी हिंसा. ही तर संकल्पी झाली.

"मग काय गहू किड्यांना द्यायचा?" असे विचाराल. मुळीच नाही. आपल्या शेजारच्या हरिपुरात हळद पेवात टिकायची. जमिनीखालच्या त्या कोठाराचे तोंड बंद केले की आतला प्राणवायू संपत जातो आणि कीड वाढत नाही. पेव उघडल्यावर माणूससुद्धा लगेच आत उतरत नसे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवे गेली, पण त्यातली अक्कल वाहून गेलेली नाही. आत राहिलेला जीव तिथेही गुदमरतो, हे मी लपवत नाही. म्हणूनच आधी कडक ऊन, मग चाळण, मग निवडणे. उन्हात किडे आपणहून सावलीला पळतात. गहू दाताखाली कटकन फुटला की निववून घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरायचा.

आणि मुळात एवढा साठा हवाच कशाला? सासूबाईंच्या काळी आमच्याकडे पंगतीला बारा माणसे असत. आज आम्ही दोघे, मुले पुण्याला, तरी परवापरवापर्यंत पिंपे तीच होती. आता मी दोन महिन्यांपुरताच गहू आणते. किलोमागे थोडे जास्त जातात, पण खराब होऊन टाकलेला गहू त्या हिशोबात धरा, मग बोला.

वहिनी, हे वाचून रागावू नका. पण यंदा तीन टाकल्यात, तर पुढच्या वर्षी चार लागतील. आणि नातवंडे त्याच खोलीत झोपणार आहेत.