पित्त झालं असेल!

धावताना छातीत दुखलं, जिने चढता चढता भोवळ आली, की आपल्याकडे निदान घरातच होतं. पित्त झालं असेल. उपाशीपोटी पळायला सांगितलंय कुणी! माणूस पस्तिशीच्या आतला, सडपातळ आणि निर्व्यसनी असेल तर हृदयाचं नावही निघत नाही. मला हे पटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

पीट मॅराविच हा अमेरिकन बास्केटबॉलपटू. कॉलेजात सामन्यामागे सरासरी ४४.२ गुण, मग एनबीएत दहा मोसम. ५ जानेवारी १९८८ रोजी पासाडेनात सहज म्हणून खेळताना कोसळला आणि गेला. वय ४०. शवविच्छेदनात कळलं, त्याला डावी करोनरी धमनी जन्मापासून नव्हतीच!

करोनरी धमन्यांचे जन्मजात दोष साधारण शंभरात एकाला असतात. बहुतेकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही नसतो. घातक प्रकार मोजके. एकात डावी धमनी महाधमनीच्या उजव्या कप्प्यातून निघते आणि महाधमनी व फुप्फुसाकडे जाणारी मोठी धमनी यांच्या मधून वाट काढते. तिचं तोंड बरेचदा फटीसारखं, सुरुवातीचा तुकडा महाधमनीच्या भिंतीतच दडलेला. बसल्या जागी सगळं ठीक. पळायला लागलं की महाधमनी ताणली जाते आणि तो तुकडा दबतो.

म्हणूनच साधा ईसीजी स्वच्छ येतो, कधीकधी तर स्ट्रेस टेस्टसुद्धा. सीटी अँजिओग्राफीत मात्र धमनी कुठून निघते ते दिसतं. श्रमात भोवळ आलेल्या तरुणाला नुसत्या ईसीजीवर घरी पाठवणं मला अर्धवट वाटतं. "धमन्या कुठून निघतात ते पाहिलंत का डॉक्टर?" एवढं विचारायला काय हरकत आहे? (अर्थात, धडधाकट माणसाने उगाच हौसेने सीटी करू नये.)

सापडलं म्हणजे कापलंच पाहिजे असंही नाही. वर सांगितलेला डाव्या धमनीचा दोष आणि त्रासही असेल, तर शस्त्रक्रियाच. भिंतीत दडलेला भाग आतून उघडतात किंवा धमनी सोडवून योग्य जागी जोडतात. उजवी धमनी डावीकडून निघण्याचा प्रकार जास्त आढळतो, पण कमी घातक. पन्नाशीत दुसऱ्याच कारणाने केलेल्या सीटीत तो दिसला आणि त्रास काहीच नसेल, तर श्रमात हृदयाला रक्त कमी पडतंय का ते आधी तपासावं. छाती उघडायची घाई कशाला?

आणि हो, "बायपास करून टाकू की!" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. इथे तो सहसा टिकत नाही. एरवी मूळ धमनीतून रक्त व्यवस्थित वाहत असतं, त्यामुळे नवीन जोडलेली वाहिनी वापराविना बंद पडते.