कुत्र्याला खोली आहे, आडनावाचे काय?

शनिवारी सकाळी कळंबोलीच्या सर्कलवर दहा मिनिटे उभे राहा. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांच्या मागच्या काचेतून लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, एखादा ग्रेट डेन तोंड बाहेर काढून वारा खात असतो. यातल्या काही गाड्या एक्स्प्रेस वेने लोणावळ्याला जातात, काही नेरे-मालडुंगेकडच्या फार्महाऊसवर वळतात, काही कर्जत-खोपोली गाठतात. तिथे पाटी असते : ‘पेट फ्रेंडली’. म्हणजे तुमचा कुत्रा आमचा पाहुणा. त्याची वेगळी फी घेतात. लसीकरणाचे कार्ड बघतात. तो पोहण्याच्या तलावात उतरणार नाही, गादीवर चढणार नाही, एवढ्या अटी घालतात आणि दार उघडतात.

या कुत्रामालकांची एक तक्रार आहे. लहान कुत्रा असला की खोली लगेच मिळते. मोठा म्हटला की नकार येतो. ‘पेट फ्रेंडली’ लिहायचे आणि फोनवर वजन विचारून फोन ठेवायचा. रॉटवायलर म्हटले की समोरचा माणूस घाबरतो. मालक चिडून म्हणतो, हा भेदभाव आहे. आमचा कुत्रा शांत आहे, शिकवलेला आहे. त्याची जात बघू नका, त्याचे वागणे बघा.

मित्रांनो, ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका. ती शंभर टक्के बरोबर आहे. तीस-पस्तीस किलोचा शांत कुत्रा कोपऱ्यात झोपून राहतो आणि चार किलोचा रात्रभर भुंकून सगळ्यांची झोप उडवतो, हे कुत्रा पाळणाऱ्या कोणालाही विचारा. वजनावरून आणि वंशावरून स्वभाव ठरवणे हा मूर्खपणा आहे. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढून गृहनिर्माण सोसायट्यांना बजावले की आकार किंवा वंश बघून पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येणार नाही.

माझा प्रश्न पुढचा आहे. जन्म बघू नका, वागणे बघा, हे वाक्य कुत्र्यासाठी ज्यांना इतक्या सहज सुचते, त्यांना ते माणसासाठी का सुचत नाही?

‘तुम्ही माणसाची तुलना कुत्र्याशी करता’ असा आरोप लगेच येईल. ती तुलना आम्ही केलेली नाही. ती मनुस्मृतीने केली आहे. तिच्या तिसऱ्या अध्यायात ब्राह्मण जेवत असताना कोणाची नजर त्याच्यावर पडू नये याची यादी आहे. त्या यादीत चांडाळ आहे, गावडुक्कर आहे, कोंबडा आहे, कुत्रा आहे आणि रजस्वला स्त्री आहे. दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे आणि कुत्री-गाढवे हीच त्याची संपत्ती असावी, असा हुकूम आहे. कुत्रा आणि अस्पृश्य यांना एका ओळीत बसवणारे हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला का जाळले, हे ज्याला अजून कळलेले नाही त्याने या दोन जागा वाचाव्यात.

आता गंमत बघा. त्या यादीतला कुत्रा बाहेर पडला. त्याने सत्याग्रह केला नाही, निवेदन दिले नाही, मोर्चा काढला नाही. तरी तो आज वातानुकूलित खोलीत झोपतो. कोणत्या शंकराचार्याने त्याला शुद्ध करून घेतले? कोणीच नाही. मालकाने पैसे मोजले आणि सगळा विटाळ एका रात्रीत संपला. याचा अर्थ सरळ आहे. विटाळ हा स्वच्छतेचा प्रश्न कधीच नव्हता. तो सत्तेचा प्रश्न होता. अंगावर केस गळणारा, चिखल तुडवून येणारा प्राणी ज्यांना खोलीत चालतो, त्यांनी माणसाला नकार देताना स्वच्छतेचे नाव घेऊ नये.

आणि आत गेलेला तो खरोखर कुत्रा आहे का? फार्महाऊसच्या फाटकाबाहेर गावठी कुत्रा दिवसभर उभा असतो. त्याला दगड बसतो. आतल्याला उकडलेले चिकन मिळते. दोघेही कुत्रेच. आत शिरते ती मालकाची ऐपत. कुत्रा फक्त तिच्या पट्ट्याला बांधलेला असतो. मालकाची ऐपत कुत्र्याला शुद्ध करू शकते. पण डॉक्टर झालेल्या, इंजिनिअर झालेल्या, स्वतःच्या गाडीतून आलेल्या आपल्या मुलाला तीच ऐपत शुद्ध करत नाही. तिथे आडनाव आड येते.

या प्रश्नाचा इतिहास बाबासाहेबांच्या आयुष्यात लिहिलेला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी तो स्वतः सांगितला आहे. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. राहायला जागा नाही. अखेर एका पारशी खाणावळीत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन दारात उभे राहिले. मित्रांनीही सबबी सांगितल्या. संध्याकाळपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. पैसे होते, पदव्या होत्या, संस्थानची नोकरी होती. खोली नव्हती.

आपल्याकडे वॉटसन हॉटेलची एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाते, की जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला आणि म्हणून ताज उभे राहिले. ‘कुत्रे आणि भारतीय यांना मनाई’ या पाटीची आठवण काढून आजही लोकांचे रक्त उसळते. उसळू द्या. पण बडोद्याच्या दारावर कसलीही पाटी नव्हती. पाटीची गरजच नव्हती. ज्यांना इंग्रजांच्या पाटीचा अपमान झोंबतो, त्यांना आपल्याच धर्मशाळांच्या न लिहिलेल्या पाट्या कधी दिसल्या का? मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने यांच्याबरोबर सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या धर्मशाळाही अस्पृश्यांना खुल्या करा, असे त्यात होते. मुक्कामाचा हक्क हा आपल्या चळवळीचा सुरुवातीपासूनचा प्रश्न आहे. ती चैनीची मागणी नाही.

आता १९३४ कडे या. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत राजगृहात काढलेला एक फोटो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. फोटो कुटुंबाचा आहे आणि कुत्रा त्या कुटुंबात आहे.

त्याच १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले. प्रवासात त्रास होऊ नये म्हणून आपण कोण आहोत हे कोणाला कळू द्यायचे नाही, असे ठरले. दौलताबाद किल्ल्याशी धुळीने भरलेले हातपाय त्यांनी तिथल्या हौदाच्या पाण्याने धुतले, आणि धेडांनी पाणी बाटवले म्हणून गर्दी जमली. शेवटी किल्ला बघायला मिळाला तो सोबत हत्यारबंद शिपाई घेऊन; हे लोक आतल्या पाण्याला शिवू नयेत म्हणून. ज्या माणसाच्या घरात टॉबी मोकळा फिरत होता, त्या माणसाला सहलीला जाताना स्वतःचे नाव लपवावे लागत होते. कुत्र्यावर प्रेम करायला बाबासाहेबांना आपण शिकवायची गरज नाही, आणि ‘आधी माणसांचे बघा, मग कुत्र्यांचे’ असे म्हणून आपण कुत्र्यावर राग काढायचीही गरज नाही. महाडच्या तळ्यावर जनावरे पाणी पीत होती तेव्हा बाबासाहेबांनी जनावरांना हाकला असे म्हटले नाही. ते स्वतः पाणी प्यायले.

‘हे सगळे जुने झाले. आता कोण जात विचारतो?’

जात विचारत नाहीत, बरोबर. नाव विचारतात. ‘पूर्ण नाव सांगा.’ मग ‘मूळ गाव कुठले?’ मग ‘व्हेज की नॉनव्हेज?’ माझ्या एका कार्यकर्त्या मित्राकडे चौतीस किलोचा कुत्रा आहे, रस्त्यावरून आणलेला, पक्का गावठी. पनवेलजवळच्या एका फार्महाऊसला त्याने फोन केला. कुत्र्याचे वजन चालले, लसीकरण चालले. ‘ब्रीड कोणती?’ या प्रश्नाला ‘गावठी’ हे उत्तर ऐकून पलीकडचा थोडा थांबला, पण तेही चालले. मग नाव विचारले. नाव सांगितल्यावर तारीख भरलेली निघाली. अर्ध्या तासाने त्याच तारखेसाठी, तितक्याच वजनाच्या कुत्र्यासाठी दुसऱ्या एका मित्राने स्वतःचे आडनाव सांगून फोन केला. त्याला खोली मिळाली. जातीने आता भाषा बदलली आहे. पूर्वी ती ‘शिवू नका’ म्हणायची. आता ती ‘फुल आहे’ म्हणते.

‘ती खाजगी मालमत्ता आहे, मालकाची मर्जी’ असे सांगणाऱ्यांना संविधान दाखवा. अनुच्छेद १५(२) दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांत जातीवरून मज्जाव करू देत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे, सेवा देणारा धोबी आणि न्हावीही त्यात येतो, असे स्पष्ट केले. पैसे घेऊन लोकांना मुक्काम विकणारा फार्महाऊसवाला त्यातून सुटत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात हॉटेलच्या व्याख्येत लॉजिंग-बोर्डिंग येते. कलम ४ नुसार तिथे अस्पृश्यतेवरून मज्जाव करणे हा गुन्हा आहे, आणि त्याला एक ते सहा महिने कैद आहे. याच कायद्याचे कलम १२ पाठ करा. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले, तर ते अस्पृश्यतेतूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे दुसऱ्या बाजूने सिद्ध करायचे असते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. म्हणजे हत्यार आपल्या हातात आहे. ते गंजले आहे, कारण आपण ‘फुल आहे’ ऐकून फोन ठेवतो.

आणखी एक बाजू आपल्या कार्यकर्त्यांनी बघितली पाहिजे. हे फार्महाऊस कोणाचे आहेत? महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. म्हणजे ज्याच्या बापजाद्यांच्या नावावर सातबारा होता, तोच फार्महाऊसचा मालक होऊ शकतो. खोताच्या कोकणात आपल्या बापजाद्यांच्या नावावर काय होते, ते प्रत्येकाने आपल्या घरी विचारावे. शेजारीच कातकऱ्यांची, ठाकरांची वाडी असते. आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही, असा जमीन महसूल संहितेचा कलम ३६-अ आहे. तरी डोंगराच्या पायथ्याची जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हे तलाठी कार्यालयात बसून काढण्यासारखे काम आहे.

आणि ग्रेट डेनने हिरवळीवर घाण केली की ती उचलतो कोण? मालक फोटो काढतो, वाडीवरची बाई उचलते. पेट फी मालकाच्या खात्यात जाते, घाण तिच्या हातात येते. पाहुण्याचा कुत्रा आतल्या खोलीत, आणि केअरटेकरचे कुटुंब पत्र्याच्या खोलीत. पाहुण्याच्या ड्रायव्हरला तर तीही मिळत नाही. तो रात्र गाडीत काढतो. ‘फ्रेंडली’ हा शब्द यांच्यापर्यंत कधी पोहोचणार?

म्हणून चार गोष्टी करा. पहिली, फिरा. लेणी बघा, किल्ले बघा, कुत्रा असेल तर त्यालाही घेऊन जा. दुसरी, पूर्ण नाव सांगून खोली मागा. बाबासाहेबांना नाव लपवावे लागले. ते आपल्याला लपवावे लागू नये, यासाठीच त्यांनी आयुष्य घालवले. तिसरी, नकार आला की तारीख, वेळ, संदेश जपून ठेवा, दुसऱ्या नावाने विचारून बघा आणि फरक दिसला तर वकील गाठून तक्रार करा. एका तालुक्यात दोन गुन्हे नोंदले गेले तर वीस ठिकाणच्या ‘फुल’ तारखा मोकळ्या होतील. चौथी, जिथे राहाल तिथे आपल्या कुत्र्याची घाण आपण उचला. ती दुसऱ्याच्या हातात देणाऱ्याने समतेचे भाषण करू नये.

प्राणीप्रेमी मंडळींनाही एवढेच सांगणे आहे. तुमच्या मोठ्या कुत्र्याला दार उघडले जावे म्हणून आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू. पण ज्या दारातून तो आत जातो, त्याच दारात आमच्या मुलाला गाव विचारले जात असेल, तर तुम्हीही आमच्या बाजूने बोलले पाहिजे. वंश बघू नका, वागणे बघा, हे तत्त्व पट्ट्याच्या एकाच टोकाला लागू होत नाही.

पनवेलमध्ये दोन रस्ते फुटतात. एक्स्प्रेस वे लोणावळ्याला जातो. गोवा महामार्ग महाडला जातो. सुट्टीला कुठेही जा, पण दुसरा रस्ता माहीत असलेल्या माणसासारखे जा.

जय भीम!