बोरू, पाणी आणि नुक्ता

रमजानचा चांद दिसला की बुलढाणा, मलकापूर, खामगाव, मेहकरच्या चौकांत शुभेच्छांचे फ्लेक्स झळकू लागतात. मधे मिनार, बाजूला नेत्यांचे चेहरे आणि वर एखादी अरबी ओळ. अरबी अक्षरे एकमेकांचा हात धरून उजवीकडून डावीकडे चालतात. संगणकातल्या ज्या प्रोग्रामला ही लिपी ठाऊक नसते, तो प्रत्येक अक्षर सुटे करतो आणि कधीकधी ओळच उलटी छापतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती नक्षी वाटते. वाचता येणाऱ्याला मात्र मोडलेला शब्द दिसतो. ईद झाली की तोच फ्लेक्स कुणाच्या हातगाडीवर छत म्हणून ताणला जातो, नाहीतर नालीच्या काठाला पडतो. ज्या महिन्यात कुरआन उतरले, ज्या पहिल्या संदेशात वाचण्याची आज्ञा झाली आणि कलमेचा उल्लेख आला, त्या महिन्यातच अक्षराची अशी आबाळ व्हावी, याचा विचार झाला पाहिजे.

या जिल्ह्याला अक्षर परके नाही. मेहकरचे मोमीन, म्हणजे मुस्लिम विणकर, एकेकाळी इतके संपन्न होते की त्यांनी गावाला तटबंदी बांधली आणि वेशीवर १४८८ सालचा शिलालेख कोरून ठेवला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. मागावर कापड विणणाऱ्यांना आपले काम दगडावरच्या अक्षरांत नोंदवावेसे वाटले. पुढे निजामाच्या काळात वऱ्हाडच्या कारभारात फारसी आणि मोडी शेजारी शेजारी नांदल्या. दोन्ही बोरूनेच लिहिल्या जात. टोकाचा काप आणि ओळीची दिशा तेवढी वेगळी. मराठीत ‘बोरूबहाद्दर’ हा शब्द थट्टेचा झाला खरा, पण ज्याला बोरू नीट कापता येत असे त्याचे पोट त्यावर भरत असे.

खत्तातीचे शास्त्र एका ठिपक्यावर उभे आहे. कलमेचे टोक कागदावर टेकवून ओढले की पत्त्यांतल्या चौकटीसारखा ठिपका उमटतो. तो नुक्ता. अलिफ किती उंच, बेची नाव किती लांब, नूनची वाटी किती खोल, हे त्याच कलमेच्या नुक्त्यांनी मोजायचे. नस्तालीकचा अलिफ साधारण तीन नुक्ते, नस्खचा पाच, सुलुसचा सात. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्लाने ही मापे बसवली, असे मानले जाते. शिकणारा एकेक अक्षर महिनोन् महिने गिरवतो. मुलतानी मातीने सारवलेल्या तख्तीवर लिहायचे, पाण्याने धुवायचे, पुन्हा लिहायचे. शाई काजळी आणि गोंदाची, त्यामुळे ती पाण्याने निघते. म्हणजे अक्षर आणि पाण्याची ओळख तख्तीपासूनची आहे.

आता चित्रकारांनी या दोघांना एकाच कागदावर आणले आहे. मागे जलरंगाचे अमूर्त ओघळ, पुढे अक्षर. कागद भिजवून निळा, मातकट, केशरी रंग सोडला की तो आपल्या मनाने पसरतो. वाळल्यावर त्यावर बोरू चालवायचा. कुणी मेणबत्तीने आधी अक्षर काढून वरून रंग फिरवतो. मेणावर पाणी ठरत नाही आणि अक्षर कागदाच्या पांढऱ्यातून बाहेर येते. कुणी ओल्या अक्षराच्या कडेला भिजलेला कुंचला टेकवून अर्धे अक्षर रंगात विरघळू देतो. जलरंगात खोडरबर नाही, बोरूलाही नाही. एकदा हात फिरला की फिरला.

महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी अक्षराकडे चित्र म्हणून पाहायला शिकवले. संगणकावरचा ‘मंगल’ फाँटही त्यांचाच. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून ‘मुक्तलिपी’ आकाराला आणली आणि अक्षरांचीच चित्रे केली. विदर्भाला तर सय्यद हैदर रझांची आठवण हवीच. मंडला जिल्ह्यात वाढलेला हा मुलगा १९३९ साली नागपूरच्या कलाशाळेत आला, मग मुंबईत त्याने शहराची जलरंगातली चित्रे केली, १९५० मध्ये पॅरिस गाठले. लहानपणी शाळेत चंचल हैदरला गुरुजींनी भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहत बसायला लावले होते. तो ठिपका पुढे त्यांचा ‘बिंदू’ झाला. पुढच्या काळात त्यांच्या अमूर्त चित्रांत देवनागरी ओळी आल्या. १९८१ च्या ‘माँ’ या चित्रात अशोक वाजपेयींच्या कवितेची ओळ आहे. ही चित्रे कॅनव्हासवरची, जलरंगातली नव्हेत; पण रंगाशेजारी शब्द कसा ठेवावा, हे त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे. रझांचा शब्द रंगापुढे मिरवत नाही, आणि वाचताही येतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. आयत पाण्यात विरघळवावी का? बे, ते आणि से यांचा देह एकच. खाली एक नुक्ता असला तर बे, वर दोन असले तर ते, तीन असले तर से. रंगाचा एक थेंब नुक्त्यावर ओघळला की अक्षर बदलते, शब्द बदलतो, अर्थ बदलतो. ‘कलेत सगळे चालते’ हे उत्तर इथे पुरत नाही. आयत लिहायची तर कोरड्या कागदावर, पूर्ण, वाचता येईल अशी. पाण्याने तिच्या भोवती फिरावे, तिच्यावर नव्हे. सुट्या अक्षरांशी मात्र खुशाल खेळावे. कुरआनच्या २९ सूरा सुट्या अक्षरांनी सुरू होतात आणि कलमेचे नाव असलेली सूरा एकट्या ‘नून’ने. काही भाष्यकारांनी या नूनला दौत म्हटले आहे. पोटात नुक्ता घेऊन बसलेली ती वाटी दिसतेही तशीच. एवढे एक अक्षर आयुष्यभराच्या चित्रांना पुरावे.

अडचण वेगळीच आहे. रंग सगळ्यांना सोडता येतो, अक्षर येत नाही. मोबाइलवर पाहून ओघळ काढणारी मुले अलिफसारखी एक रेघ ओढतात आणि खत्ताती झाली म्हणतात. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षांत अक्षरलेखन असते, पण ते पट्टी-पेन्सिलीचे. उर्दू शाळांत सुंदर हस्ताक्षराला शाबासकी मिळते, बोरू कापायला मात्र कोणी शिकवत नाही. संगणकावर नस्तालीक आल्यानंतर वर्तमानपत्रांतले कातिब घरी बसले. त्यांच्यापैकी जे हात अजून थरथरत नाहीत, त्यांना मुलांसमोर बसवायला शाळांनी आणि मशीद कमिट्यांनी उशीर करू नये. चौकातल्या एका फ्लेक्सच्या खर्चात बरेच बोरू, शाई आणि जाड कागदाचे ताव येतील.

सुरुवात ईदच्या शुभेच्छापत्रांपासून करता येईल. एक सूचना तेवढी हवी: कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करून सरळ करायची खोड असलेल्यांनी रोजात ती आवरावी. बाकी वेळ सोयीचीच आहे. असरनंतर कागदावर पाणी सोडले, तर आपल्याकडच्या कोरड्या हवेत इफ्तारपर्यंत तो लिहिण्याजोगा वाळतो.