पाटी पुसण्यापूर्वीं

पाटी स्वच्छ असावी हें कोणीहि मान्य करील. परंतु ती केव्हां पुसावी याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. पाण्याखालीं काम करणाऱ्या पाणबुड्यांची पाटी पाहिली असतां या प्रश्नाचें महत्त्व सहज ध्यानांत येईल.

आपलें सोमाटणें समुद्रापासून दूर. परंतु शेजारच्या गोव्यांत दोना पावला येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील संशोधकांनीं डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखालीं १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रांत बुड्या मारून दगडी अवशेष व दगडी नांगर यांचा शोध घेतला. अशा कामीं साधा कागद भिजून फाटतो व शाई पसरते. म्हणून पाणबुडे खरखरीत प्लास्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीनें लिहितात. या पेन्सिलींत शिसें नसून ग्राफाइट असतें व तें पाण्यांत विरघळत नाहीं. जो गुण लिहितांना उपकारक, तोच पुसतांना अडचणीचा! दगडी पाटीवरील अक्षर ओल्या फडक्यानें जातें. हें मात्र घासावेंच लागतें.

प्रथम गोड्या पाण्यानें मीठ व वाळू धुवावी, पाटी कोरडी करून रबर चालवावें, आणि उरलेले डाग ओल्या मऊ फडक्यावर भांडीं घासण्याची बारीक पूड घेऊन हलक्या हातानें काढावे. तारेची घासणी वापरूं नये. तिच्या ओरखड्यांत पुढील अक्षरांचा काळेपणा रुतून बसतो. उलट, पाटी अगदीं गुळगुळीत झाली तर पेन्सिल उमटत नाहीं. मग बारीक काचकागदानें तिला पुन्हां खरखरीत करावें लागतें.

तथापि माझें मुख्य म्हणणें युक्तीविषयीं नसून वेळेविषयीं आहे. पाटीवरील खोली, दिशा, मोजमाप हीं सर्व वहींत उतरवून, दुसऱ्याकडून ताडून घेतल्यावांचून तिला रबर लागतां कामा नये. समुद्रतळाची वाळू लाटांनीं सरकते. आणि उत्खननांत एकदां उचललेल्या वस्तूची मूळ जागा पुन्हां पाहावयास मिळत नाहीं. ती केवळ त्या पाटीवर उरलेली असते. पाटी घाईनें पुसणारा मनुष्य आपल्या सोबत्यांचे सारे श्रम पुसून टाकतो.

छायाचित्रें असतां पाटीची मातबरी कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु गढूळ पाण्यांत छायाचित्र अंधुक येतें. शिवाय पाहणाऱ्यानें काय मोजलें व त्यास कशाविषयीं शंका आली, हें त्यांत उमटत नाहीं. छायाचित्र अवश्य घ्यावें. पण तें वहीच्या जोडीला, वहीच्या ऐवजीं नव्हे.

हाच नियम आपल्या शाळेसहि लागू आहे. उत्तर चुकलें कीं गणित पुसून टाकण्याची मुलांस मोठी घाई असते. पण चूक कोठें झाली हें त्या पुसलेल्या ओळींतच दडलेलें असतें. म्हणून पालकांनीं कोरी पाटी पाहून समाधान मानूं नये. पुसण्यापूर्वीं काय शिकलास, हें मुलास विचारावें. आधीं पाहावें, मग उतरवावें, मग ताडावें, आणि शेवटीं पुसावें.