प्रदर्शनाआधीची भाषा

एखादे समकालीन कलाकेंद्र आगामी हंगामातील तरुण आंतरराष्ट्रीय कलावंतांची प्रदर्शने जाहीर करते, तेव्हा त्या निवेदनाचे वळण बहुधा ठरलेले असते. कलावंताचा जन्म एका शहरात, वास्तव्य आणि काम दुसऱ्या शहरात. त्याची कला स्मृती, देह, विस्थापन, अवकाश यांपैकी दोहोंचा 'शोध घेते' आणि तिसऱ्याविषयी 'प्रश्न उपस्थित करते'. प्रत्यक्षात भिंतीवर काय असेल, ते कशाचे केले आहे, हे शेवटी येते किंवा येतच नाही. कलाकृती अद्याप खोक्यांत बंद असतात. वाचकापुढे असतो तो केवळ मजकूर. म्हणूनच साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा मजकूर वाचायला हवा, असे मला वाटते.

असे वाचन यापूर्वी झालेले आहे. अ‍ॅलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन यांनी 2012 मध्ये 'ट्रिपल कॅनोपी' या नियतकालिकात 'आंतरराष्ट्रीय कला-इंग्रजी' या विषयावर निबंध लिहिला. 'ई-फ्लक्स' ही संस्था जगभरच्या कलाकेंद्रांची निवेदने ईमेलने पाठवते; त्या निवेदनांचा साठा त्यांनी संगणकाच्या साहाय्याने तपासला. साध्या शब्दांना प्रत्यय लावून भाववाचक नामे घडवण्याची हौस, 'अवकाश' या शब्दाचा सर्वत्र संचार, फ्रेंच सिद्धान्तांच्या इंग्रजी अनुवादांतून आलेली वाक्यरचना असे विशेष त्यांनी नोंदवले. निबंध गाजला. पुष्कळांनी तो हसत हसत वाचला.

2013 मध्ये जर्मन कलावंत हिटो श्टायर्ल यांनी त्याला उत्तर दिले. ही निवेदने लिहितो कोण, हा त्यांचा प्रश्न. बहुधा अल्प वा शून्य मोबदल्यावर राबणारे उमेदवार, आणि त्यांतील अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. त्यांच्या इंग्रजीला हसणे म्हणजे इंग्रजीच्या मालकांची बाजू घेणे होय. हा मुद्दा मला पटतो. लाल शाईने बोलीतील शब्द खोडणाऱ्या आम्हा मराठीच्या अध्यापकांना तो पटायलाच हवा. तथापि त्यापुढचा एक प्रश्न उरतो. त्या भाषेपर्यंत पोचताना कलावंताच्या स्वतःच्या भाषेतील काय काय वाटेत गळून पडते?

काही वर्षांपूर्वी चित्रकला महाविद्यालयातील एक विद्यार्थी आपले 'आर्टिस्ट स्टेटमेंट' घेऊन माझ्याकडे आला. मूळचा पेणचा, घरी गणपतीच्या मूर्ती करण्याचा व्यवसाय. त्याने प्लास्टरचे जुने, रिकामे साचे मांडून एक रचना केली होती. मराठीत त्याने लिहिले होते, की मूर्ती निघाली की साचा कोणी पाहत नाही. मी तो उलटा करून पाहायला ठेवला आहे. परदेशातील एका निवासी कार्यशाळेसाठी त्याने मित्राकडून केलेल्या इंग्रजी रूपात 'अनुपस्थिती', 'श्रम' आणि 'भौतिकता' होती, साचा नव्हता. अर्जात मूळ मजकुरासाठी जागाही नव्हती.

पुढे महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात त्याने तो मराठी परिच्छेद रचनेशेजारी लावला. त्यात एक वाक्य होते, की साचा प्रथम बोटांपाशी झिजतो. पाहायला आलेल्या वडिलांनी ते वाचून तिथल्या तिथे सांगितले, "बोटांपाशी नाही रे, सोंडेपाशी." मला ही खरी समीक्षा वाटली. ज्या मजकुराला कोणी चूक म्हणू शकतो, त्यातच काही सांगितलेले असते. 'भौतिकते'ची दुरुस्ती कोण करणार?

इंग्रजीविषयी माझी तक्रार नाही. कोरियाच्या आणि ब्राझीलच्या कलावंतांना एकमेकांशी बोलायला एक भाषा लागणारच. दिल्लीत 1997 मध्ये सुरू झालेल्या 'खोज'मुळे आणि 2012 पासूनच्या कोची-मुझिरिस बिएनालेमुळे आपल्याकडील तरुणांना जगाशी जोडणारी दारे उघडली. बिएनालेचे संस्थापक बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही मुंबईच्या जे. जे.चे विद्यार्थी. मागणी एवढीच, की अर्जासोबत कलावंताच्या भाषेतील मूळ मजकूरही मागावा आणि तो भिंतीवर लावावा.

मात्र संस्थांकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्या वर्गांकडे पाहावे. द. ग. गोडसे यांचे 'पोत', प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' ही पुस्तके मराठीत आहेत. चित्राविषयी मराठीत नेमका विचार करता येतो, याचा याहून वेगळा पुरावा नको. तरीही 'साहित्य आणि अन्य कला' हा घटक आपण बहुधा व्याख्या आणि साम्यभेद सांगून संपवतो. एम. ए.च्या विद्यार्थ्याला एकदा तरी प्रदर्शनात न्यावे, एका कलाकृतीसमोर अर्धा तास उभे करावे आणि एक पानभर लिहून घ्यावे: आधी काय दिसते ते, मग काय वाटते ते. कलावंताला आपल्या भाषेत वाचणारा कोणी आहे, हे ठाऊक असेल तरच तो त्या भाषेत लिहील. तो वाचक घडवण्याचे काम कलाकेंद्राचे नसून आपले आहे.