न संपणारा खेळ

दिवाळीच्या सुट्टींत महाराष्ट्रांतील मुलें दगडमातीचा किल्ला रचतात, त्यावर चिमुकले मावळे बसवितात आणि कांहीं दिवस स्वतःच किल्लेदार होतात. सण सरला कीं किल्ला मोडतो व किल्लेदार पुन्हां शाळेंत येऊन बसतो. दुसऱ्याचें रूप घेऊन खेळण्याची हौस फार जुनी आहे. संगणकानें ती निर्माण केलेली नाहीं. त्यानें तिच्यांत एक मोठा पालट मात्र घडवून आणिला.

१९७४ सालीं अमेरिकेंत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. मित्रमंडळी मेजाभोंवतीं बसे. कोणी योद्धा होई, कोणी जादूगार. आणि मंडळी उठली कीं खेळ थांबे. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनीं ‘मड’ नांवाचें काल्पनिक जग संगणकावर उभें केलें. त्यांत चित्र एकही नव्हतें. सारें शब्दांनींच वर्णिलेलें. तरी अनेक खेळाडू एकाच वेळीं त्यांत वावरूं शकत. पुढें १९९७ मध्यें ‘अल्टिमा ऑनलाइन’ व २००४ मध्यें ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे खेळ आले. खेळाडू निजला तरी हीं जगें चालूंच राहत. ‘वॉरक्राफ्ट’च्या आरंभींच्या मोठ्या मोहिमांस चाळीस जणांचें पथक लागे, आणि मोहीम तासन् तास चाले. खेळाडू दरमहा वर्गणी भरीत. म्हणजे खेळ न संपण्यांतच मालकाचा लाभ!

पालकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जेवणाची हांक ऐकूनही मुलगा उठत नाहीं, तो केवळ हट्टानें नव्हे. सोबत्यांना अर्ध्यावर टाकणें त्याला विश्वासघात वाटतो. ही निष्ठा मुळांत सद्गुणच आहे. म्हणून रागानें यंत्र बंद करण्यापेक्षां ‘तुझी मोहीम केव्हां संपते?’ असें आधीं विचारावें व वेळ दोघांनीं मिळून ठरवावी.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही विचार करा. दूरच्या सोबत्यांस दिलेला शब्द पाळतांना आईस दिलेला शब्द मोडत असेल, तर ती निष्ठा अपुरी होय. सर्वच खेळ अखंड नसतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनें २०२० सालीं ‘राजी’ हा खेळ काढिला. धाकट्या भावाला शोधणारी बहीण ही त्याची नायिका. तो एकट्यानें खेळावयाचा असून त्यास शेवट आहे.

आपल्या आचोळ्यांत मैदानावर अंधार पडला कीं चेंडू दिसेनासा होतो व खेळ आपोआप थांबतो. पडद्यावर अंधार पडत नाहीं. तेथें ‘आतां पुरे’ हें आपल्यालाच म्हणावें लागतें, आणि तें म्हणतां येणें हेंच खेळाडूचें खरें शिक्षण होय.